काठवट खाली काढा

गेल्या भोगीला सकाळी साडेनऊला मी नगरच्या सावेडीतल्या एका पोळीभाजी केंद्रासमोर रांगेत उभी होते. पुढे वीसेक माणसं, मागे तितकीच. सगळ्यांची मागणी एकच, तीळ लावलेली बाजरीची भाकरी. उभ्या उभ्या गप्पा निघाल्या. कुणी पाथर्डीकडचं, कुणी पारनेरचं, एक काका मिरजगावचे. बाजरी-ज्वारीच्या मुलखात जन्मलेली, भाकरीवर वाढलेली ही माणसं, आणि त्या सकाळी आमच्यापैकी कुणाच्याच घरी भाकरी थापणारं कुणी नव्हतं. माझ्याही नव्हतं. शेतकऱ्याकडे बाजरी होती, दुकानात बाजरी होती, गिरणी सुरू होती. हात तेवढे नव्हते.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनातून जात नाही. जुनं बी जपायला माणसं पुढे आली. विद्यापीठं नवे वाण काढतात. पण परातीतल्या पिठाचा गोळा दोन तळहातांत धरून त्याची भाकरी करायची विद्या कुठल्याही पेढीत साठवता येत नाही. ती हातातून हातात जाते, आणि नगर जिल्ह्यातल्या हजारो घरांत ती आज साठी-सत्तरीच्या हातांत येऊन थांबली आहे. पुढची दहा-पंधरा वर्षं आपण नुसते बघत बसलो, तर ती गेलीच. म्हणून हे लिहिते आहे.

या वाटेला मी आले ती तब्येतीमुळे. दोन वर्षांपूर्वी तीन महिन्यांची साखर तपासली, आकडा हद्दीवर आला होता. डॉक्टर म्हणाले, खाणं बदला. काय बदलायचं, हे विचारायला वेळ मिळाला नाही. मी सरळ बाजारात गेले आणि ओट्स, किन्वा, कसल्याशा बियांची पाकिटं, ‘मल्टिग्रेन’ लिहिलेला पाव असं हजार-बाराशेचं सामान घेऊन आले. तीन आठवडे खाल्लं. पोट भरायचं नाही, जीभ रमायची नाही, आणि महिन्याचा हिशोब कोलमडायचा. खाणं बदलू पाहणाऱ्या बहुतेकांचं हेच होतं. सुरुवात अनोळखी आणि महागड्या अन्नापासून होते, म्हणून ती टिकत नाही.

अशी सुरुवात करू पाहणारी माणसं थोडी नाहीत. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातल्या मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर निघाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांमागे ५४ जणींना रक्तक्षय आढळला. एकीकडे रक्तात साखर जास्त, दुसरीकडे रक्तात लोह कमी. आणि या दोन्हींना उपयोगी पडणारं धान्य आपल्या बांधावर उभं असताना आपण पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचत बसतो.

पाथर्डी तालुक्यात माझी आत्या राहते. वय शहात्तर. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मग भाकरी खा की. तुझा आजा काय खायचा?” मी म्हटलं, मला थापता येत नाही. तिनं काही न बोलता भिंतीला टेकवून ठेवलेली, भाकरी थापायची लाकडी काठवट खाली घेतली.

माझी पहिली भाकरी उचलतानाच तुटली. दुसरी तव्यावर टाकताना. तिसऱ्या वेळी आत्यानं डब्यातलं चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं आणि म्हणाली, “अगं, हे पीठ वीस दिवसांचं आहे. याची विरी गेली. तुझ्या हाताला काय नाय झालेलं.”

हे वाक्य मला जिल्ह्यातल्या प्रत्येक नवशिक्याच्या स्वयंपाकघरात लावावंसं वाटतं. भाकरी जमत नाही म्हणून सोडून देणाऱ्यांपैकी पुष्कळांचं पीठच जुनं असतं. विरी म्हणजे पीठ धरून ठेवणारा चिकटपणा. ज्वारी-बाजरीत गव्हासारखा चिवट लगदा धरणारा घटक नसतो, त्यामुळे पीठ ताजं हवं आणि पाणी गरम. बाजरीत तेलाचा अंश बराच असतो. दळली की त्याची हवेशी गाठ पडते आणि पंधरवड्यात पीठ कडू-खवट लागायला लागतं. म्हणून आपल्या आज्या आठवड्याचंच दळण काढायच्या. तुम्हीही किलो-दोन किलोच दळा. गिरणीत सांगा, ज्वारीवर ज्वारी टाका, गव्हावर टाकू नका. गिरणीवाल्याला यातलं सगळं कळतं, आपणच सांगायचं सोडलं.

आता परात घ्या. एका भाकरीपुरतं, ओंजळभर पीठ. मधे खळगा करून कडकडीत पाणी घाला, आधी उलथन्यानं हलवा, हाताला सोसेल तसं मळायला घ्या. आत्या सगळ्या भाकऱ्यांचं पीठ एकदम कधीच मळत नाही, एक भाकरी तव्यावर गेली की दुसरीचा गोळा. गोळा तळहाताच्या टाचेनं पुढे रेटायचा, मागे ओढायचा, पुन्हा रेटायचा. ती याला तिंबणं म्हणते. कडेला भेगा पडेनाशा झाल्या की झालं. खाली कोरडं पीठ भुरभुरायचं, गोळा ठेवायचा आणि बोटं जुळवून हलक्या हातानं थापायचं. जोर लावायचा नाही. भाकरी आपणहून फिरायला लागते. ती फिरली की समजायचं, हात बसला. तवा चांगला तापलेला हवा. पिठाची बाजू वर येईल अशी भाकरी टाकायची आणि तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकत आलं, पण पुरतं सुकलं नाही, त्या क्षणाला उलटायची. दुसरी बाजू नीट भाजली की थेट आरावर, नाहीतर गॅसच्या आचेवर. पदर सुटतो, भाकरी टम्म फुगते. माझी पहिली भाकरी फुगायला नऊ दिवस लागले. त्या दिवशी आत्याला फोन केला, तर ती एवढंच म्हणाली, “आता तीळ लावून बघ.”

नऊ दिवस. ओट्सची पाकिटं तीन आठवड्यांत संपली होती आणि मला काहीच शिकवून गेली नव्हती.

भाकरी जमली की बाकीचं जेवण तिच्याभोवती आपसूक गोळा होतं, आणि ते सोपं आहे. चार हिरव्या मिरच्या, सहा पाकळ्या लसूण, चमचाभर तेलावर तव्यातच परतायच्या आणि तांब्याच्या बुडानं तिथेच रगडायच्या. ठेचा झाला. रक्तदाब असेल तर मीठ बेतानं. मटकी रात्रभर भिजवून सकाळी ओल्या फडक्यात बांधून ठेवली, की दुसऱ्या दिवशी मोड. कांद्याची फोडणी आणि झाकण, एवढ्यात उसळ तयार. ज्यांना वीस मिनिटंही नाहीत त्यांच्यासाठी पिठलं. सोबत कच्चा कांदा, मुळ्याचा पाला, लिंबाची फोड. लिंबाचं कारण चवीपुरतं नाही. धान्यातलं लोह अंगी लागायला आंबट लागतं. त्याच कारणानं जेवणावर लगेच चहा घेऊ नये, तो ते लोह अडवतो.

हुलग्याविषयी मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण तो भाकरीच्याही आधी ताटातून उठला. कमी पावसाच्या हलक्या रानात येणारं हे कडधान्य जिल्ह्याच्या दक्षिण भागात घरोघर होतं. त्याचं माडगं थंडीत अंगात ऊब आणायचं. आणि शेंगोळे! हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं पीठ, लसूण-जिरं-मिरचीचं वाटण, हळद, मीठ घालून घट्ट मळा. हातावर बोटाएवढ्या वळ्या करा, टोकं जोडा, लसणाच्या फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडा. पंधरा-वीस मिनिटांत एका भांड्यात पुरं जेवण. ज्याला अजून भाकरी थापता येत नाही त्यानं शेंगोळ्यांपासून सुरुवात करावी, यात बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही. त्याहून सोपं हवं असेल तर ज्वारीच्या कण्या. ज्वारी जाडसर भरडून आणा, एका वाटीला चार वाट्या पाणी, मीठ, मंद आचेवर अर्धा तास. ताक घालून खा. वसतिगृहात राहणाऱ्या, एमआयडीसीत पाळ्या करणाऱ्या पोरांना हे एका शेगडीवर जमतं.

धान्य आणि कडधान्य एकत्र खाण्याची आपली पद्धत उगाच पडलेली नाही. ज्वारी-बाजरीतल्या प्रथिनांत जे कमी असतं ते हुलगा, मटकी, तूर भरून काढते, आणि डाळीत जे कमी ते धान्य. शंभर ग्रॅम बाजरीत सहा मिलीग्रॅमच्या आसपास लोह असतं, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात एक मिलीग्रॅमही नाही. अकोले तालुक्यातल्या नागलीत, म्हणजे नाचणीत, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या जवळपास कॅल्शियम आहे, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. एक गोष्ट स्वच्छ सांगते, भाकरी औषध नाही. मधुमेह्यानं चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच. गोळ्या सुरू असतील, मूत्रपिंडाचा किंवा थायरॉईडचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. भाकरीची बाजू मांडताना खोटं बोलायची गरज नाही.

हे सगळं आपल्या हातून सुटलं कसं? त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण समजून घ्यायला हवं. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं आणि प्रवरेच्या पाटपाण्याखाली ऊस वाढला. लोणीला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५०-५१ च्या हंगामात त्याचं पहिलं गाळप झालं आणि उत्तर नगरच्या शेतकऱ्याच्या हातात पैसा खेळला. त्या पैशानं शाळा आल्या, दवाखाने आले. मी त्या साखरेला नावं ठेवणार नाही. पण ऊस आला तिथली ज्वारी गेली. मग १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांनी सुकडी खाल्ली, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली, आणि भरड धान्याला गरिबीचा वास चिकटला. पुढे रेशनवर गहू-तांदूळ आला. सणाला होणारी चपाती रोजची झाली आणि रोजची भाकरी “आम्ही नाही बाई खात” अशी झाली.

शेतकऱ्याकडूनही समजून घेऊ या. रब्बी ज्वारी उपटून काढावी लागते, काढणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. कणसं भरली की पाखरांचे थवे उतरतात. मचाणावर बसून गोफण फिरवणारी पोरं आता शाळेत आहेत, आणि ती तिथेच असायला हवीत. कांद्याला एखाद्या वर्षी जो भाव मिळतो तो ज्वारीला कधीच मिळत नाही. जामखेड, कर्जत, श्रीगोंद्यात अजून जी ज्वारी टिकून आहे ती पुष्कळशी कडब्यासाठी, दावणीच्या जनावरासाठी. आपल्या ताटासाठी पेरा, असं शेतकऱ्याला म्हणायचं तर आधी आपलं ताट त्याला दिसायला हवं.

या जिल्ह्यात बी जपणारे लोक आहेत, याचा मला अभिमान आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई सोमा पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. घेवड्याचे, वालाचे, भाताचे, नागलीचे, भाज्यांचे गावरान वाण त्यांनी मडक्यांत राख घालून जपले, ‘बायफ’ संस्थेच्या साथीनं गावात बियाण्यांची बँक उभी केली, बचत गटांच्या बायकांना बी दिलं. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सगळ्या जिल्ह्यानं सत्कार केले. पण त्यांच्या घेवड्याची भाजी किती घरांत शिजली? बी राखेत किती दिवस राहणार? ते पेरलं, शिजलं, खाल्लं गेलं तरच पुढच्या वर्षी पुन्हा मिळणार.

दुसऱ्या टोकाला राहुरी. महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ पासून आपल्या दारात आहे. ज्वारीत हलक्या, कोरड्या जमिनीसाठी ‘फुले अनुराधा’, खोल काळ्या जमिनीसाठी ‘फुले वसुधा’, हुरड्यासाठी ‘फुले मधुर’, लाह्यांसाठी तर ‘फुले पंचमी’ नावाचा वेगळा वाण त्यांनी दिला. नागपंचमीच्या लाह्यांचा विचार करणारी ही शास्त्रज्ञ माणसं आपली आहेत. मुद्दाम लोह वाढवलेली ‘धनशक्ती’ बाजरी २०१२ मध्ये महाराष्ट्रात आली, तीही इक्रिसॅट ही संशोधन संस्था आणि हेच विद्यापीठ यांच्या सहकार्यानं. २०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं वर्ष म्हणून जगभर साजरं केलं. त्या वर्षी दुकानांत ज्वारीची बिस्किटं आली, त्यात साखर आणि मैदाही होता. मला वाईट वाटतं ते यासाठी, की धान्याचा गौरव झाला आणि भाकरी बाजूलाच राहिली.

आता एक अवघड गोष्ट. भाकरी मागे पडली त्याला बायकांचे कष्टही कारण आहेत, आणि ते बोलल्याशिवाय हे आवाहन खरं होणार नाही. माझ्या आईनं अकरा माणसांच्या घरात सकाळ-संध्याकाळ पंचवीस-तीस भाकऱ्या थापल्या, चुलीच्या धुरात, डोळे चोळत. तिनं मला मुद्दाम शिकवलं नाही. “तुझ्या वाट्याला हे नको,” म्हणायची. पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोडणीला जाणाऱ्या बायका आजही पहाटे तीनला उठून कोपीसमोर भाकरी थापतात आणि मग दिवसभर फडात राबतात. ही पिळवणूक परत आणा, असं मी कधीही म्हणणार नाही. भाकरी वाचवायची तर तिचं ओझं एकट्या सुनेच्या हातावरून उतरवायला हवं. म्हणून घरातल्या पुरुषांना, मुलांना मी आधी हाक मारते. दादा, बाबा, काका, तुम्ही शिका. थापण्याला बाईचा हात लागत नाही, ताजं पीठ आणि गरम पाणी लागतं. प्रत्येकानं आपापल्या दोन भाकऱ्या केल्या तर घरातलं कुणीच दमत नाही.

आणि मग घराबाहेर पडू या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू आणि तांदळाबरोबर भरड धान्याचंही नाव आहे. ग्रामसभेत, तहसीलला मागणी करा, आमच्या शिध्यात आमच्या मातीतली ज्वारी-बाजरी नियमित द्या. माणसांनी मागितल्याशिवाय ती येणार नाही. बचत गटांनी गावाच्या गिरणीत ज्वारी-बाजरीचं वेगळं जातं बसवून घ्यावं. शाळेत मुलांच्या ताटात भात रोज आहे, आठवड्यातून एकदा कण्या का नसाव्यात, हे शाळा व्यवस्थापन समितीत विचारा. लग्नाच्या पंगतीत भाकरीचा एक कोपरा ठेवतात, तिथे बाहेरून आणलेल्या भाकऱ्यांऐवजी गावातल्या बायकांना पुरेसा मोबदला देऊन तव्यावरची भाकरी द्या. शहरातल्या माणसांनी ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची ज्वारी थेट घ्यावी, मार्च-एप्रिलमध्ये, खळ्यावरच, बाजारापेक्षा चार पैसे जास्त देऊन. दोन पोती घ्यायला चार घरांनी एकत्र यायचं. कडुनिंबाचा पाला घालून कोठीत ठेवली की वर्ष निघतं. श्रावणात आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. तिथे भाजी विकत घ्याच, पण ती कशी निवडतात आणि कशी शिजवतात, तेही आणणाऱ्या बाईकडून विचारून घ्या.

पण या सगळ्याच्या आधी एक काम आहे, आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

तुमच्या घरात, भावकीत, नाहीतर शेजारी, भाकरी थापणारी एक बाई नक्की आहे. आजी, मावशी, आत्या, कामाला येणाऱ्या ताई. येत्या भोगीच्या आत तिच्याकडे जा. जाताना त्याच सकाळी दळलेलं किलोभर बाजरीचं पीठ न्या, ते कोमट असतानाच. तिला म्हणा, मला शिकव. ती आधी हसेल, “आता काय करणार शिकून” म्हणेल. तुम्ही बसून राहा. ती काठवट खाली काढेल, पाणी आधणाला ठेवेल. थापताना तिला सांगा, तुझा हात माझ्या हातावर ठेव. किती जोर लावायचा, हे तिला शब्दांत सांगता येणार नाही. ते हातावर हात असतानाच कळतं.